विजोड जोडीची सुखात्मिका

साडी नेसलेल्या पुरुषाचे पुण्याला कधीच वावडे नव्हते. १२ मार्च १९११ रोजी कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘संगीत मानापमान’ रंगभूमीवर आले. त्याच दिवशी अपत्यवियोगाचे दुःख गिळून बालगंधर्व भामिनीच्या वेषात उभे राहिले, ही कथा मराठी घरांत आजही आदराने सांगितली जाते. १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत संयुक्त मानापमानाचा जो गाजलेला प्रयोग झाला, त्यात बालगंधर्वांची भामिनी होती आणि धैर्यधर होते केशवराव भोसले. एक धनाढ्य घरची मानी कन्या, दुसरा निर्धन पण स्वाभिमानी सेनापती. आधी अपमान, मग वेषांतर, मग ओळख आणि अखेरीस मीलन. प्रणयप्रधान सुखात्मिकेचा याहून नेटका आराखडा मराठीत शोधावा लागेल. आणि तो प्रणय रंगविणारे दोघेही पुरुष होते. कुलीन स्त्रिया त्यातील एकाच्या लुगड्याची नेसण आणि केसांतील फुलांची ठेवण घरी येऊन गिरवीत. संस्कृती बुडाली, असे कोणाला वाटले नाही. त्यांच्याच नावाच्या रंगमंदिराचे उद्घाटन २६ जून १९६८ रोजी पुण्यात झाले आणि पुणेकर तेथे सहकुटुंब जाऊ लागले.

अधिक अलीकडचे उदाहरण हवे असेल तर १९८८ सालचा ‘अशी ही बनवाबनवी’ आहे. पुण्यात भाड्याची खोली मिळणे हा प्रश्न या शहराइतकाच पुरातन. घरमालकीण लीलाबाई काळभोरांना जोडपीच हवीत म्हणून दोन तरुण सुधा आणि पार्वती होतात आणि सारा महाराष्ट्र खदखदून हसतो. हा चित्रपट दूरदर्शन संचावर लागला की आजोबांपासून नातवापर्यंत सर्वांना संवाद पाठ असतात. आचार्य अत्र्यांच्या ‘मोरूची मावशी’ने विजय चव्हाणांच्या रूपाने हाच आनंद नाट्यगृहांना दिला.

मग अडचण कोठे आहे? अडचण अशी की, या साऱ्या हास्याचा पाया सोंग हा आहे. साडीच्या आत गडी आहे हे प्रेक्षकाला ठाऊक असते आणि तिसऱ्या अंकात साडी उतरणार याचीही त्याला हमी असते. सोंगाला टाळ्या मिळतात. तेच सत्य निघाले तर सभागृह गप्प होते. तमाशापटांतील नाच्याच्या भूमिका अजरामर करणारे गणपत पाटील प्रत्यक्षात चारचौघांसारखे गृहस्थ होते. तरी पडद्यावरच्या त्या भूमिकेचा शिक्का त्यांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना पडद्याबाहेरही सोसावा लागला. प्रेक्षक त्यांच्यासोबत हसत होता की त्यांना हसत होता, हा प्रश्न आनंद यादवांच्या कादंबरीवरील ‘नटरंग’ २०१० साली पडद्यावर आला तेव्हा अनेकांना प्रथमच पडला.

सत्याला सामोरे जाण्याचा प्रयत्न मराठीने केला नाही असे नाही. विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ १९८१ साली विनय आपटे यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आले आणि रोहिणी हट्टंगडी यांनी त्यातील सुमित्रा साकारली. स्वातंत्र्यपूर्व काळातील महाविद्यालयात नाटकात पुरुषपात्र करताना एका मुलीच्या ध्यानात येते की, आपले मन समोरच्या नायिकेवरच जडले आहे. त्या नाटकाचा शेवट मृत्यूत होतो. चेतन दातार यांच्या ‘एक माधवबाग’मध्ये मुलाचे गुपित कळलेली आई बोलते, मोना आंबेगावकर यांनी त्याची वाचने ठिकठिकाणी केली, तेव्हा श्रोत्यांत रुमाल निघत. सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ (२००६) ही पुण्याच्या मध्यमवर्गीय घराचीच कादंबरी. बहीण आणि भाऊ दोघेही घरी राहायला आलेल्या एकाच तरुणावर प्रेम करतात आणि तो एके दिवशी निघून जातो. गंमत अशी की, २०२२ साली त्या कादंबरीवर चित्रपट आला तेव्हा पुणे गळून पडले होते आणि कथानक केरळात जाऊन पोहोचले होते. पुण्याच्या वाड्यातली गोष्ट सांगायला कोचीचा समुद्र लागावा, ही बाब पुण्याने जरा मनाला लावून घेण्यासारखी आहे.

२०२५ साली रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ने सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचे सर्वोच्च पारितोषिक मिळविले. मुंबईत नोकरी करणारा आनंद वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी जातो आणि तेथे शेती करणारा बालमित्र बाळ्या त्याला पुन्हा भेटतो. येथे मृत्यू आहे, पण तो आरंभी आहे आणि शेवटी नाही. शिवाय आईला सारे आधीच ठाऊक आहे. चाळीस वर्षांत मराठी एवढा पल्ला चालून आली. पण हाही हसरा चित्रपट नव्हे. त्याचा स्वर हळुवार आणि सुतकी आहे, आणि विषय पाहता तो तसा असणेच योग्य.

या पार्श्वभूमीवर एखाद्या तरुण लेखकाने ठरविले की, दोन पुरुषांच्या वा दोन स्त्रियांच्या प्रेमाची निखळ आनंदी सुखात्मिका मराठीत लिहायची, तर त्याला दोन बाजूंनी हटकले जाईल. एक बाजू म्हणेल की, ज्यांनी इतके सोसले त्यांच्या दुःखाचा हा थिल्लरपणा आहे. दुसरी बाजू विचारील की, हे घरातल्या सर्वांनी एकत्र बसून पाहण्याजोगे आहे काय?

पहिल्या आक्षेपाचे उत्तर थोडक्यात देता येते. भरतमुनींनी हास्यरसाचा उगमच शृंगारात सांगितला आहे. प्रेमात पडलेला मनुष्य हास्यास्पद होतो, आणि हसण्याजोगे होण्याचा हा अधिकार ज्याला नाकारला जातो, तो समाजाच्या लेखी एक तर पापी असतो नाही तर रुग्ण. संस्कृतातील ‘भगवदज्जुकम्’ या प्रहसनात योग्याचा आत्मा गणिकेच्या देहात शिरतो आणि यमदूताच्या कृपेने गणिकेचा आत्मा संन्याशाच्या देहात. सुमारे चौदाशे वर्षांपूर्वीच्या प्रेक्षकाला हे पचत होते. त्याची पचनशक्ती आजच्या प्रेक्षकाहून अधिक होती, असे मानण्याचे कारण नाही.

दुसरा आक्षेप मात्र गंभीरपणे घेतला पाहिजे, कारण तो नाटकाच्या रचनेलाच जाऊन भिडतो. सर्वांनी एकत्र बसून पाहण्याजोगे नाटक तेच, ज्यात सर्वांसाठी जागा असते. सुखात्मिका ही जात्याच कुटुंबाची असते. शोकांतिकेचा नायक एकटा मरू शकतो. पण सुखात्मिकेच्या नायकाला आई लागते, शेजारी लागतात, एखादा आगाऊ मामा लागतो. म्हणूनच अशा विषयावर शोकांतिका लिहिणे तुलनेने सोपे गेले. कुटुंबाला दारातच थांबवून दोन जीवांना मरू द्यायचे की झाले. स्पर्धेच्या एकांकिकांत तर असे मरण बरेचदा गुणही मिळवून देते. कुटुंबाला आत घेऊन, त्याचे मन राखून, त्याला हसवून गोष्ट शेवटास नेणे हे खरे कसब.

येथे लेखकाकडून एक चूक हमखास होते. दोघे समान आहेत, एकाच लिंगाचे आहेत, हीच त्याला नाटकाची मुख्य गोष्ट वाटते आणि साऱ्या विनोदाचा भार तो तिच्यावर टाकतो. २०२० चा हिंदी ‘शुभ मंगल ज्यादा सावधान’ घ्या. घरचे कळून घेतात, चिडतात, रडतात आणि वळतात. दोन तास अडथळाच नायक असतो. ते दोघे एकमेकांना का आवडले, हे विचारावे तर उत्तर सापडत नाही. भामिनी आणि धैर्यधर यांच्याबाबत असे होत नाही. तिचा मद आणि त्याचा ताठा एकमेकांवर घासून दोघेही गुळगुळीत होतात, हे प्रेक्षक डोळ्यांनी पाहतो. सुखात्मिकेचे बळ विजोडपणात असते. जगाला दिसते ते दोघांचे साम्य. नाटककाराने पाहावा तो त्यांच्यातला भेद.

आणि भेदांचा तुटवडा असावा असे हे शहर नव्हे. समजा, सदाशिव पेठेतील एका जुन्या इमारतीत एक हिशेबतपासनीस आईसह राहतो. वय चौतीस. दुधाचा हिशेब वहीत, कुकरच्या शिट्ट्या मोजून, दुपारची एक ते चार ही वेळ सूर्यग्रहणाइतकी पवित्र. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ मध्ये रात्रीच्या ध्वनिक्षेपकांविषयी दिलेला निकाल त्याला पाठ आहे आणि इमारतीच्या फाटकावरील सर्व पाट्या त्याच्या हस्ताक्षरातील आहेत. खालच्या मजल्यावर भाड्याने येतो एक कोल्हापूरकर. ढोल-ताशा पथकातला पट्टीचा ताशेवाला, बोलणे मोठ्याने, हसणे त्याहून मोठ्याने, दार कधी बंद नाही आणि रविवारी जिन्यातून वर चढणारा तांबड्या रश्श्याचा वास. गणेशोत्सवाला दोन महिने उरले की नदीपात्रातील सराव सुरू होतो आणि घरी परतल्यावरही त्याची बोटे टेबलावर, कठड्यावर, पाण्याच्या टाकीवर थांबत नाहीत.

पहिली पाटी लागते: ‘येथे राहणाऱ्यांना कान आहेत.’ दुसऱ्या दिवशी तिच्याखाली खडूने उत्तर येते: ‘मग ऐका की.’ येथून पुढे दोन अंक लिहिण्यासाठी लेखकाला कोणत्याही चळवळीचे घोषणापत्र वाचावे लागणार नाही. पाट्या लांबत जातात, त्यातील शुद्धलेखनाच्या चुका लाल शाईने दुरुस्त केल्या जातात, हळूहळू चुका मुद्दाम होऊ लागतात, आणि एक दिवस पाटी लागत नाही म्हणून ताशेवाला वर येऊन ‘तब्येत बरी आहे ना,’ असे विचारतो. विसर्जनाच्या मिरवणुकीला आयुष्यात कधी न गेलेला हिशेबनीस लक्ष्मी रस्त्यावर कानात कापूस घालून उभा राहतो, आणि समोरून पथक येते तेव्हा कापूस काढतो. हा क्षण कोणत्याही आजीला कळेल. तिला तो कळल्यावर लिंगाचा प्रश्न तिच्या मनात उठणारच नाही असे नव्हे. पण तो उठेपर्यंत ती त्या दोघांच्या बाजूने झालेली असेल. सुखात्मिकेचे सारे राजकारण म्हणायचे तर एवढेच.

आई? आईला कळलेले असते. डब्यात थालीपिठे दोनाऐवजी चार मागितली जाऊ लागली, त्याच आठवड्यात कळलेले असते. मराठी नाटकातल्या आईला काहीही उशिरा कळते हा लेखकांचा गैरसमज आहे. ती बोलत नाही ती लाजेने नव्हे. मुलाने स्वतः सांगावे म्हणून.

या न सांगण्यातच या विषयाचे खरे मोल दडलेले आहे. मध्यमवर्गीय घरात मुलगा तिशीला आला की स्थळे येऊ लागतात. जो सांगू शकत नाही तो टाळतो, आणि टाळणे संपले की बोहल्यावर उभा राहतो. मग एका निरपराध मुलीचे आयुष्य पणाला लागते. तिला आपले काय चुकते हे कळत नाही, सासरचे तिच्यात दोष काढतात, माहेरचे तिला संसार टिकविण्याचा उपदेश करतात. २०२२ च्या हिंदी ‘बधाई दो’ने याच मुद्द्याला हात घातला, पण तेथे नवरा-बायको दोघांनीही ठरवून खोटा संसार मांडला होता, प्रत्यक्षात बहुधा एकालाच ठाऊक असते. कुटुंबसंस्थेची काळजी वाहणाऱ्यांना या फसवणुकीइतका दुसरा विषय अस्वस्थ करणारा नसावा. लग्न हा संस्कार आहे असे मानायचे, तर त्याचा पाया असत्यावर घातला जाऊ नये, हे ओघानेच आले. पोटच्या मुलाला घरात हे वाक्य उच्चारता यावे इतकी मोकळी हवा नाटकाने निर्माण केली, तरी कोणातरी मुलीच्या वडिलांचे कन्यादान वाया जाणे टळेल. शोकांतिका पाहून घरी आलेला बाप अधिकच घाबरलेला असतो. हसून आलेला बाप निदान जेवायला बसतो, आणि घरातील अवघड बोलणी जेवतानाच होतात.

या प्रश्नाकडे राष्ट्रीय विचारांच्या वर्तुळात केवळ नाके मुरडून पाहिले जाते, असा एक समज आहे. जानेवारी २०२३ मध्ये ‘पाञ्चजन्य’ आणि ‘ऑर्गनायझर’ यांना दिलेल्या मुलाखतीत सरसंघचालक मोहनजी भागवत यांनी जरासंधाच्या हंस आणि डिंभक या सेनापतींचा दाखला देऊन म्हटले होते की, अशी माणसे समाजात पूर्वापार आहेत आणि आपणही समाजाचाच भाग आहोत असे त्यांना वाटले पाहिजे. विवाहाच्या प्रश्नावर मात्र, तो स्त्री आणि पुरुष यांच्यातील संस्कार आहे, ही संघाची भूमिका त्याच वर्षी स्पष्ट मांडली गेली. या दोन विधानांच्या मधल्या जागेत माणसांनी राहायचे कसे, हा प्रश्न उरतो. ती जागा कायद्याची कमी आणि घराची अधिक आहे. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ साली समपथिक ट्रस्ट स्थापन केला आणि डिसेंबर २०११ मध्ये या शहरात अशा मंडळींची पहिली अभिमानयात्रा निघाली. ती माणसे बाहेरून आलेली नव्हती, याच पेठांतली आणि याच उपनगरांतली होती.

आता शेवटाचा पेच. आपल्याकडे सुखात्मिकेचा पडदा अक्षतांवर पडतो. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी सज्ञानांच्या संमतीने होणारे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून काढले. पण १७ ऑक्टोबर २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने समलिंगी विवाहाचा मूलभूत हक्क मान्य केला नाही, विषय संसदेकडे सोपविला, आणि जानेवारी २०२५ मध्ये फेरविचार याचिकाही फेटाळल्या गेल्या. म्हणजे आपल्या लेखकापाशी मंगलाष्टके नाहीत. परदेशी चित्रपटांतून उचललेला चर्चचा देखावा येथे टिकायचा नाही, आणि मंदिरात गुपचूप हार घालण्याचा प्रकार तर हिशेबतपासनिसाला मुळीच मानवणार नाही. नोंद नसलेला व्यवहार त्याने आयुष्यात केलेला नाही.

पण सरकारी कागद कधीकधी नाटककाराच्या मदतीला धावून येतात. त्याच निकालानंतर मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. २८ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्रीय अर्थमंत्रालयाने स्पष्ट केले की, अशा जोडीदारांना बँकेत संयुक्त खाते उघडण्यास आणि एकमेकांना नामनिर्देशित करण्यास कोणतीही आडकाठी नाही. त्यानंतर अन्न व सार्वजनिक वितरण विभागाने राज्यांना कळविले की, शिधापत्रिकेपुरते अशा जोडीदारांना एकाच कुटुंबाचे घटक मानावे. विवाह नाही, पण चूल एक. मराठी प्रहसनाला याहून अधिक काय हवे?

तिसऱ्या अंकाचा अखेरचा प्रवेश पुरवठा कार्यालयात घडावा. हिशेबतपासनीस परिपत्रकाची प्रत प्लास्टिकच्या पाकिटात घालून घेऊन आला आहे. ताशेवाला खिडकीच्या लाकडावर बोटे वाजवतो आहे आणि रांगेतली माणसे त्या ठेक्यावर नकळत माना हलवीत आहेत. खिडकीपलीकडचा लिपिक अर्ज वाचतो, चष्मा काढतो, पुसतो, पुन्हा वाचतो. त्याला चीड आलेली नाही. त्याला रकाना भरता येत नाही एवढेच. ‘कुटुंबप्रमुख कोण?’ तो विचारतो. दोघे एकमेकांकडे बोट दाखवतात. मग हिशेबतपासनीसच कायदा काढतो. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यानुसार पात्र कुटुंबाच्या शिधापत्रिकेवर घरातील सर्वांत ज्येष्ठ सज्ञान स्त्री हीच कुटुंबप्रमुख. (हा नियम पांढऱ्या पत्रिकेच्या घराला लागू पडेलच असे नाही, पण प्रहसनाला एवढी सूट द्यावी.) ‘घरात स्त्री कोण आहे?’ लिपिक पुन्हा विचारतो, आणि या प्रश्नावर सारी रांग गप्प होते.

मागच्या बाकावर, दुपारची झोप मोडून आलेली, पिशवीत चहाचा थर्मास घेऊन बसलेली आई उठते. काही बोलत नाही. खिडकीपाशी येते, मुलाच्या खिशातले पेन काढते आणि पहिल्या रकान्यात आपले नाव लिहिते. मग खालचे दोन रकाने भरते. तिसऱ्या नावापुढे ‘नाते’ असा मथळा असतो. ती क्षणभर थांबते, ताशेवाल्याला त्याच्या आडनावाचे शुद्धलेखन विचारते आणि लिहू लागते.